नव्वद टक्क्यांची फुटबॉल टीम

बंगळूरच्या जयनगरातल्या एका छोट्या कॉलेजची फुटबॉल टीम १९९६ साली आंतरकॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचली. कॉलेजने ही गोष्ट मुळीच मनावर घेतली नाही. कप्तान मल्हारला मात्र झोप येईना. अभ्यासात त्याची बोंबच होती; जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडून काही धड घडत होतं.

मग कुणीतरी नियम वाचला, की विजेत्या संघातल्या खेळाडूला इंजिनियरिंगला राखीव जागा मिळते. झालं! ज्यांनी कधी मैदानाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते पालक प्रिन्सिपलच्या खोलीबाहेर ताटकळू लागले.

प्रिन्सिपल त्रिविक्रम राव न्यायी गृहस्थ. त्यांनी संघाची 'गुणवत्तेनुसार फेररचना' जाहीर केली. गुणवत्ता म्हणजे अर्थातच टक्के, दुसरं काय असणार? डाव्या बाजूचा बचावपटू गेला, गणितातला पहिला आला. गोलकीपरच्या जागी जाड भिंगांचा, रसायनशास्त्रात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा उभा राहिला.

"सर, याला बॉल दिसतच नाही हो!" मल्हार कळवळून म्हणाला.

"स्वल्प अॅडजस्ट माडप्पा," सर कानडीत म्हणाले, म्हणजे थोडं सांभाळून घे बाबा. "दिसला नाही तर घाबरणारही नाही."

अखेर जुन्यांपैकी एकटा मल्हार उरला, आणि तोही जाणार अशी कुणकुण लागली. त्याचे वडील सूर्यकांतराव, सरकारी कारखान्यातले इंजिनियर, खवळले. "माझ्या पोराच्या तोंडचा घास काढतात? बघतोच एकेकाला!" म्हणत त्यांनी स्कूटरला किक मारली. मल्हारचा ऊर भरून आला. बाबा आजवर त्याच्या एकाही सामन्याला आले नव्हते.

परतले ते पेढे घेऊनच.

"फत्ते! जागा घरातच राहिली. पुष्करला घेतलंय."

पुष्कर म्हणजे मल्हारचा जुळा भाऊ. ब्याण्णव टक्के.

"पण बाबा, खेळायचं मला होतं."

"अरे राजा, तुला बावन्न टक्के. तुझ्या हाती सर्टिफिकेट म्हणजे वायाच की! कल्पना, समजाव गं याला."

आईने मल्हारच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुझे बूट तेवढे त्याला दे हं, बाळा."

समोरच्या कॉलेजचे प्रिन्सिपलही न्यायीच निघाले. सामन्यात दोन्हीकडची हुशार मुलं चेंडूपासून सुरक्षित अंतर राखून उभी होती. मल्हारला खेळाडूंची स्वेटरं सांभाळायला बसवलं होतं. एकदा चेंडू बाहेर आला, तो त्याने तिथूनच सणसणीत मारून थेट जाळ्यात घातला. पंचांनी त्याला दम भरला. शून्य-शून्य बरोबरीत दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले आणि पालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मल्हार रडला, पण स्वेटरात तोंड खुपसून.

पुष्करला जागा मिळाली. सूर्यकांतरावांना खुशाल नावं ठेवा. फक्त त्याआधी खरं सांगा, बावन्न टक्के हा आकडा वाचला तेव्हा तुम्हालाही घटकाभर त्यांचंच पटलं होतं ना?