शालनआत्तीचा दुमजली डबा

आमच्या शालनआत्तीच्या घरातून कोरड्या हातानं बाहेर पडणं आजवर कुणाला जमलेलं नाही. तुम्ही चपला पायात सरकवल्या, की आतून "थांब रंऽ" अशी हाक येते. मग ती तुमचा उजवा तळहात ओढून घेते आणि त्यावर चमचाभर दही ठेवते, वर साखरेचे चार दाणे. ते तिच्यासमोर चाटायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. आता निघणाऱ्याच्या हातावर दही द्यायची रीत तुमच्याही घरी असेल, नाही असं नाही. पण तुमच्या घरी सिलिंडर टाकायला आलेल्या माणसाला दही देतात काय?

आत्ती देते. लाइटचं मीटर बघायला आलेल्याला देते. गल्लीतून वरात चालली होती तेव्हा ट्रंपेटवाल्याचे दोन्ही हात अडकलेले बघून तिनं चमचा थेट त्याच्या तोंडात घातला. पुढचं गाणं त्यानं जे काही वाजवलं ते नवऱ्या मुलानंही ओळखलं नाही. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला, तर तिनं ते जोडलेले हात सोडवून त्यातल्या एकावर दही ठेवलं आणि म्हणाली, "जावा. पन पाच वर्सांनी तरी माघारी या." मागचे कार्यकर्ते फिदीफिदी हसले. उमेदवाराला दही चाटावंच लागलं.

सगळ्यात हाल माझे. मी विसराळू. ऑफिसला निघालो की किल्ली राहते, मग चष्मा, मग डबा. आणि आत्तीचा नियम असा की माघारी आलं की ते निघणं मोडलं, पुन्हा निघायचं तर पुन्हा दही. ती आमच्या मागच्याच गल्लीत राहते, पण सकाळी आमच्या दारात हजर असते. बाराही महिने मला सर्दी का असते हे डॉक्टरला कळत नाही, मला कळतं.

"दही खाल्लेलं मानूस माघारी येतंय," एवढंच तिचं शास्त्र. "वाट चुकंल, उशीर करंल, पन येतंय."

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. जन्म औंधाकडचा, त्यामुळं दर दोन वाक्यांमागं यमाईची शपथ. लग्न होऊन सांगलीजवळच्या माधवनगरला आली. मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, तिथल्या गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा प्रशांत, तो जर्मनीत इंजिनिअर. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा आणि त्या वेळात आत्तीच्या घरी कुकरसुद्धा शिट्टी मारायला घाबरायचा.

यायचा म्हणतोय, कारण दिवाळीपासून फोन येत नव्हता. दिवाळीला प्रशांत आला होता. परत निघाला तेव्हा बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, अंगात नवीन जॅकेट, आणि आत्ती डबा घेऊन पुढं. तो वैतागला. "आई, बास झालं आता तुझं हे दही. लोक हसतात," म्हणाला आणि टॅक्सीचं दार ओढून घेतलं. आत्ती चमचा हातात धरून तशीच उभी होती. चमच्यातलं दही मग तिनं तुळशीत टाकलं.

मी कितीदा म्हणालो, "आत्ती, तू लाव की फोन." पण बाई हट्टी. "गेलेल्यानं करायचा आसतो फोन, मागं ऱ्हायलेल्यानं न्हाई. मी का कमीपना घेऊ?" वर म्हणायचं, मला काय फरक पडत न्हाई. आणि रविवारी मोबाईल पदराला बांधून संडासला जायचं.

अशात आमच्या ओवीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, अंतराळाचा ध्यास घेतला. साताऱ्याच्या पुढं हायवेला नवीन अंतराळ संग्रहालय झालंय, तिच्या वर्गातली सगळी पोरं बघून आलीत, आपणच राहिलोय. सुट्टी रविवारचीच. आत्तीला घरी एकटं ठेवून जायला माझी बायको वैशाली तयार होईना. आत्तीनं आधी एकच विचारलं, "तितं रेंज हाय का?"

हाय म्हणालो. निघाली.

निघताना आम्हा तिघांचं दही झालं. गाडीच्या बॉनेटलाही एक बोट लागलं. ओवीनं विचारलं, "आज्जी, तुला कोण देणार?" तर म्हणाली, "मी कुटं जाती? मी तुमच्यासंगं येती." डबा अर्थात बरोबर घेतला. स्टीलचा, दुमजली. वरच्या मजल्यावर दही, खालच्या मजल्यावर साखर. कराडला चहाला थांबलो तिथं हॉटेलातल्या पोऱ्यापासून शेजारच्या ट्रकड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचे हात पांढरे झाले. मी कपाळाला हात लावला, तोही चिकट होता.

संग्रहालयाच्या दारात पाटी होती: खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत, मोबाईल खिडकीत जमा करावेत. सिक्युरिटीवाल्यानं पिशवीतनं डबा बाहेर काढला.

"आज्जी, खायचं काही चालत नाही आत."

"खायला न्हाई रं. हातावर द्यायला हाय. तू कुटला?"

"फलटणचा."

"गावाकडं कवा जानार?"

"आज ड्युटी संपली की."

"मग हात कर," म्हणाली. आणि त्या गड्यानं केला की हो! दही चाटलेल्या माणसाला दही अडवता येत नाही. डबा आत गेला. मोबाईल मात्र त्यानं आमचे सगळ्यांचे मागितले. आम्ही दिले. आत्तीनं हात हलवून दाखवले, "माजा घरीच हाय." मला शंका आली होती. पण मोठ्या माणसाची झडती कोण घेणार?

पहिलाच खेळ घुमटातला. आडव्या खुर्च्या, मिट्ट काळोख, वर सगळं आकाश. पोरंसुद्धा गप झाली. एक भारदस्त आवाज सांगू लागला, "अंतराळात हवा नाही. त्यामुळे तिथे कोणताही आवाज ऐकू येत नाही. तिथे आहे केवळ अथांग शांतता."

आणि त्या अथांग शांततेत माझ्या शेजारी देवीची आरती सुरू झाली. स्टीलच्या डब्यातनं, टाळ वाजावेत तशी घुमून.

बाईनं खालच्या मजल्यातली साखर कागदाच्या पुडीत बांधून तिथं मोबाईल ठेवला होता! "त्याचाच आसंल, त्याचाच आसंल," म्हणत ती अंधारात डबा उघडायला लागली. घाईत मजले सुटले. मोबाईल दह्यात पडला आणि अर्धं दही पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थांच्या टकलावर. ते किंचाळले. घुमटातले दिवे लागले. आत्तीनं दह्यातला मोबाईल बोटांनी निपटून तसाच कानाला लावला आणि शे-दोनशे माणसांसमोर शेवटपर्यंत ऐकला. कुठल्या तरी कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई गाणं निवडण्यासाठी एक दाबा, दोन दाबा सांगत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "न्हाई. त्याचा न्हाई."

पाठोपाठ मोबाईलचा उजेडही गेला.

गृहस्थांची मी माफी मागत होतो, तर ही त्यांना सांगतेय, "ऱ्हाऊ द्या, डोस्क्यावर पडलं तरी चालतंय. सुखरूप घरी पोचताय बगा." मला असा राग आला म्हणता! बाहेर काढून मी तिला चांगलं झापलं. "लाज आणलीस आत्ती. चारचौघांत शोभा केलीस." ती पदरानं मोबाईल पुसत, पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली. दही चार्जिंगच्या भोकापर्यंत गेलं होतं.

"विज्या, आता त्यानं लावला तर रं?"

आत्तीचा असा आवाज मी ऐकला नव्हता. माझा राग तिथंच विरघळला. म्हणालो, "बाहेर गेलो की माझ्या मोबाईलवरनं तूच लाव." तर लगेच मान ताठ. "मी न्हाई लावनार." आता काय म्हणावं!

पुढच्या दालनात एका यानाचा मोठा नमुना ठेवला होता. मधोमध भलीमोठी थाळी, भोवती काटक्या. माहिती सांगणारी मुलगी गोड होती, सगळ्या प्रश्नांना उत्तरं देत होती. हे यान आपल्या सूर्यमालेच्याही बाहेर गेलंय, म्हणाली.

आत्तीनं हात वर केला. "माघारी कवा येतंय?"

"माघारी नाही येत ते, आज्जी. पुढं पुढंच जातं."

"दही दिलं नसंल," आत्ती माझ्या कानात म्हणाली. मग मोठ्यानं, "पन फोन-बिन करतंय का?"

लोक हसले. मुलगी हसली नाही. "करतं ना. संदेश पाठवतं. पण मध्यंतरी त्याचं तोंड, म्हणजे ही थाळी, जरासं फिरलं. आपला आवाज त्याला ऐकू येईना, त्याचा आपल्याला. सगळ्यांना वाटलं, संपलं. मग इथल्या लोकांनीच त्याच्या दिशेनं जोरात हाक मारली. ती पोचायलाच जवळजवळ दिवस गेला, उत्तर यायला तेवढाच. पण आलं उत्तर. तोंड वळवलं त्यानं परत."

आत्ती यानाभोवतीच्या दोरीला धरून पुढं सरकली. "म्हंजे आदी हितनं हाक मारली?"

"हो."

"मोटी शिकली-सवरलेली मान्सं आसतील की ती."

"खूप मोठी."

"आनी त्यास्नी कमीपना न्हाई वाटला?"

"नाही हो आज्जी," मुलगी म्हणाली. "त्यांचंच यान ना ते."

आत्ती त्या थाळीपाशीच थांबली. घोळका पुढं गेला. मी ओवीला शोधून वळून बघतो तर बाई दोरीखालून वाकलेली, आणि यानाच्या पायाला दह्याचं बोट लागलेलं. "उशीर झाला," ती त्या यानाला सांगत होती, "पन दिल्यालं बरं." माहिती सांगणारी मुलगी मुद्दाम दुसरीकडं बघत होती. ओवी खुसखुसत होती. मी दोघींना बखोटीला धरून बाहेर काढलं.

खिडकीतनं मोबाईल परत घेतले. गाडीपाशी लिंबाच्या सावलीत आत्ती थांबली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "विज्या, लाव."

"कुणाला?" मी मुद्दामच विचारलं. सोडतो काय मी!

"मुडद्या, लाव म्हनती न्हवं?"

व्हिडिओ कॉल लावला. तिकडं रिंग वाजत राहिली. ती पदर सारखा करत होती, केस मागं घेत होती, पुन्हा पदर सारखा करत होती. आता त्यानं उचलला नाही तर या बाईला सांगलीपर्यंत न्यायची कशी, याचीच मला काळजी. वैशालीनं ओवीचा हात घट्ट धरला होता.

उचलला. प्रशांतचा चेहरा आला. दाढी वाढलेली, नुकता उठलेला.

"जेवलास का?" आत्तीनं विचारलं. तिकडं सकाळ होती, पण हे तिला कोण सांगणार?

उत्तर नाही. चेहरा तसाच, हलेचना. मी म्हणालो, "आत्ती, अडकलंय वाटतं. बंद करून परत लावू."

"गप," तिनं माझा हात धरला. "लांब हाय त्यो. येळ लागतोय."

आणि प्रशांत एकदम हलला. अडकलेलं काही नव्हतं. त्याला बोलता येत नव्हतं.

"आई, मी दर रविवारी हातात फोन घेऊन बसतोय. काय तोंडानं लावू? मला वाटलं, तू रागावलीस."

"रागावली हुतीच की. मग? रागावल्याली आई फोन उचलत न्हाई व्हय?"

"त्या दिवशी दही राहिलं आई."

आत्तीनं डबा उघडला. फलटणचा सिक्युरिटीवाला, टक्कलवाले गृहस्थ आणि सूर्यमालेबाहेरचं यान यांना वाटून तळाशी जेमतेम बोटभर उरलं होतं. तिनं चमच्यानं खरवडून घेतलं. पुडीतली साखर सोडली.

"हात कर," म्हणाली.

तिकडं त्यानं उजवा तळहात पुढं केला. सगळा स्क्रीन त्या तळहातानं भरला. पुढचं मला दिसत होतं. "आत्ती, माझा मोबाईल आहे, नवाय—" एवढं म्हणेपर्यंत तिनं चमचा त्या तळहातावर टेकवला होता. दही ओघळत खाली स्पीकरच्या जाळीत शिरलं. मी रुमाल काढला, पण वैशालीनं डोळे वटारले, म्हणून तसाच धरून उभा राहिलो.

दह्याच्या कडेनं जेवढं दिसत होतं तेवढ्यातनं आम्ही बघितलं. प्रशांतनं तो रिकामा तळहात तोंडाशी नेला आणि लहानपणी चाटायचा तसा, मनगटापासून बोटांपर्यंत चाटला.

आत्ती स्क्रीनवर पार वाकली.

"साकर कमी पडली का रं?"