करकोच्याची चकती

एका जंगलात, बाळांनो, झिपरू नावाचं अस्वल राहायचं आणि त्याने आपल्या गुहेत चक्क जर्मन हॉटेल काढलं होतं. हसू नका. जंगलात काय वाटेल ते होतं.

त्याचं असं झालं. दर थंडीत तिथे एक करकोचा यायचा, पार जर्मनीहून. तिकडे त्याचं घरटं एका बिअरच्या भट्टीच्या धुराड्यावर होतं. वर बसून तो सगळं बघायचा. खाली काय उकळतंय, कोण काय खातंय, कोण कुणाच्या खांद्यावर हात टाकून गातंय. आता बिअर म्हणजे काय ते मला विचारू नका, आजोबांना विचारा. ते आधी 'मला काय ठाऊक' म्हणतील. मग तासभर सांगतील.

करकोचा सांगेल तसं झिपरूने केलं. तांब्याचे हंडे घासून दाराशी मांडले. लांबलचक बाकं टाकली. कान असलेले मोठे पेले आणले. आंबवलेली कोबी, उकडलेले बटाटे, आणि पाव कसला, तर दोरीसारखा वळून गाठ मारलेला.

शेवटी करकोच्याने एक लाकडाची चकती दाखवली.

"झिपरू, ही सगळ्यात महत्त्वाची. पेला रिकामा झाला की न विचारता भरायचा. पण पाहुण्याने पेल्यावर ही चकती ठेवली की संपलं. पेला उचलायचा, ताट उचलायचं. पुन्हा विचारायचं नाही. विचारणं म्हणजे असभ्यपणा."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. आमच्याकडे नको म्हणजे नको."

झिपरूला ते फार आवडलं. भांडी किती लवकर रिकामी होतील!

झिपरूची एक मुलगी होती, मोहना. टेकडीपलीकडच्या दौलतरावांचा भुऱ्या तिला पसंत होता आणि भुऱ्याला ती. मधाच्या पोळ्यापाशी दोघांची ओळख झाली होती, ते जाऊ द्या. आता फक्त सुपारी फुटायची होती. झिपरूने ठरवलं, बैठक हॉटेलातच करायची. पाहुण्यांचे डोळे दिपले पाहिजेत.

पाहुणे आले. दौलतराव, भुऱ्या, आणि भुऱ्याची गोदाआत्या. टेकडी चढून उतरून तिघांच्या पोटात आग पडलेली. आणि ज्या घरात गोदाआत्या 'हो' म्हणेल तिथेच सुपारी फुटायची, अशी त्यांच्याकडची रीत.

आत्याबाईंनी पेल्यात डोकावून पाहिलं. "अगोबाई, हा फेस कसला? कपडे भिजत घातलेत की काय?"

"जर्मन पद्धत आहे," झिपरू छाती काढून म्हणाला. "नको झालं की ही चकती पेल्यावर ठेवायची."

"आणि पावाला गाठ का मारली? पळून जाणार होता?"

पण फेस पुसून त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. मग पेला खाली ठेवला तो रिकामाच. पावाचा तुकडा तोंडात टाकला. मिशा हलल्या. चव बसली होती, बाळांनो. आता खरं जेवण सुरू होणार.

आणि तिथेच घोटाळा झाला.

अस्वलांकडे कसं असतं, की पहिल्या घासानंतर पाहुण्याने 'नको' म्हणायचं. ते रीतीचं. यजमानाने वाढायचं. मग पुन्हा 'नको'. ते शेजारीपाजारी बघतायत म्हणून. यजमानाने पुन्हा वाढायचं. मग गळ्याची शपथ, मग खोटा राग, मग पोटभर जेवण. न मागता जेवतो तो पाहुणा, मागून जेवतो तो हावरट.

आत्याबाईंनी लाजत लाजत चकती उचलली आणि पेल्यावर ठेवली. दौलतरावांनी ठेवली. भुऱ्याने बापाकडे बघून ठेवली, जड हाताने.

झिपरूने वाकून नमस्कार केला आणि सगळी ताटं उचलून आत नेली.

गुहेत अशी शांतता, की भुऱ्याच्या पोटातली गुरगुर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेली.

आत्याबाई उठल्या. "चल दौलत. पोरगी चांगली असेल, पण घर नाही."

झिपरू धावत आला. "अहो, झालं काय?"

"तोंडातला घास काढून नेलात, वर विचारताय?"

"पण चकती तुम्हीच ठेवलीत ना!"

"आम्ही ठेवणारच!" आत्याबाई कडाडल्या. "तुम्ही काढायची होती!"

दौलतरावांनी कमरेची सुपारी आणखी आत खोवली. भुऱ्या दाराकडे चालला, मान खाली घालून.

मोहनाने हे पाहिलं मात्र, एका हातात घडा घेतला आणि दुसऱ्या हातात बटाट्यांची परात. दारात आडवी उभी राहिली.

"आत्याबाई, बसा खाली."

"नको गं बाई. पोट भरलंय."

"माझ्या गळ्याची शपथ!"

"शपथा कसल्या घालतेस! बरं, घोटभर दे. अगदी घोटभर हं." आणि आत्याबाईंनी पेला दोन्ही हातांनी पुढे केला.

मोहनाने काठोकाठ भरला. आत्याबाई चकती ठेवायच्या, मोहना काढून फेकायची. दौलतरावांनी हाताने ताट झाकलं, तिने बोटांच्या फटीतून कोबी वाढली. भुऱ्याने काहीच झाकलं नाही. त्याला तिने सर्वांत जास्त वाढलं.

ढेकर देत आत्याबाई म्हणाल्या, "पोरीला वळण आहे हो. माझं एक ऐकलं नाही तिने!"

आणि सुपारी फुटली.

पुढच्या थंडीत करकोचा पुन्हा आला. हॉटेल तुडुंब भरलेलं पाहून खूश झाला. बसला, जेवला, आणि आपल्या देशाच्या शिस्तीने पेल्यावर चकती ठेवली.

"लाजू नका हो, पाहुणे!" झिपरूने चकती उचलून पेला भरला.

"अरे, मला खरंच नको!"

"पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात."

उन्हाळा लागला. बाकीचे पक्षी उडून गेले. करकोच्याने तीनदा पंख फडफडवले, पण पोट काही जमिनीवरून सुटेना. अजून तिथेच आहे बिचारा. चकती दोन्ही पायांनी पेल्यावर दाबून धरतो.

झिपरू कौतुकाने म्हणतो, "बघा, किती संस्कारी आहे!"

तात्पर्य: पाहुण्याचं म्हणणं लक्ष देऊन ऐकणाऱ्याच्या घरी लग्न जमत नाही. म्हणून बाळांनो, दुसऱ्याला वाढताना कान बंद ठेवावेत, आणि स्वतःला खरंच पुरे झालं, तर 'पुरे' न म्हणता गुपचूप पळावं.