नाना, साखर आणि माझं बोट

आमच्या धुळ्याच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघालात, तर बोटं खिशात ठेवा. कोपऱ्यावरच्या ओट्यावर नाना बसलेले असतात, मांडीवर साखर मोजायचं मशीन घेऊन. रामराम नाही, चहा नाही. एकदम, "गुरुजी, बोट द्या!"

अहो, मला मधुमेह नाही! दोन वर्षं हेच सांगतोय. "आज नही, पन उद्या कोनी दखेल शे?" असं म्हणत नाना नवी सुई काढतात, माझा हात घट्ट धरतात आणि टुचकन टोचतात. आकडा बघून झाला तरी हात लवकर सोडत नाहीत.

नाना एसटीचे निवृत्त ड्रायव्हर आणि पक्के मधुमेही. जगात जे बिघडतं ते साखरेमुळे. नळाला पाणी नाही? "पानी सोडनारानी साखर वाढनी व्हई." भरिताच्या पार्टीत तर कहर. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून झाली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या, आणि हा गृहस्थ पंगतीच्या तोंडाशी मशीन घेऊन उभा. आधी बोट, मग भरीत! वीस माणसं डाव्या हाताचं बोट दाबत जेवली.

अक्का, म्हणजे त्यांची बायको, दोन वर्षांपूर्वी गेल्यापासून नाना मात्र दोन घासांत ताटावरून उठायचे. झोप नाही. विचारलं की, "साखर शे, दुसरं काही नही." शेवटी दटावून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "साखर बिघडली की मन खचतं. आणि मन खचलं की शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात, ती साखर चढवतात. हे दोन्हीकडून चालतं, नाना."

"म्हंजे धुळे-जळगाव गाडी," नाना म्हणाले. "पन मनी गाडी फक्त जानारी शे, साखरथाईन मनकडे. येनारी नही."

मन खचून साखर चढते, एवढं कबूल करतील तर शप्पथ!

मागच्या महिन्यात मी आठ दिवस जळगावला लेकीकडे गेलो. खोटं कशाला बोलू, बोटाला सुट्टी म्हणून खूश होतो. परतलो तर ओटा रिकामा. नाना आत खाटेवर पडलेले. मशीनवरचा आकडा बघून मलाच घाम फुटला.

"काय खाल्लंत? केळी?"

"काहीच नही. गोळ्या बी टाइमवर घिन्या."

"मग चढली कशी?"

नानांनी मशीन माझ्या हातातून घेतलं. "हाई मशीन अक्कानं शे, गुरुजी. तिले बी साखर व्हती, रोज मीच टोचू. चाळीस वर्षांना संसार, पन तिना हात धरानी हिंमत मशीन घरमा उनं तवयच व्हयनी. ती गयी, मंग तुमना हात व्हता. तुम्ही बी गयात. येनारी गाडी बी शे, गुरुजी."

मला माझाच राग आला. आठ दिवसांत एक फोन केला नव्हता मी.

"हे डॉक्टरांना सांगाल?"

"सांगसू."

मी रिक्षा बोलावली. रिक्षात बसल्यावर आपण होऊन हात पुढे केला.

नाना गोंधळले. "मशीन घरीच राहीनं."

"राहू द्या," मी म्हणालो. "तुम्ही हात धरा."