बोरकुटे सरांना काहीच माहीत नव्हतं

गोंडपिपरीकडच्या जंगलातल्या आमच्या शाळेत बोरकुटे सर विज्ञान शिकवायचे आणि त्यांना काहीही माहीत नव्हतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "वर्गात मुलं किती?" सर म्हणाले, "मले काय माईत, साहेब? मोजून पाहा ना." साहेबांनी दोनदा मोजली, दोन्ही वेळा आकडा वेगळा. तेव्हा खुणा करत मोजायला सरांनी अदबीनं त्यांच्या हातात खडू दिला.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो आणि मला सगळं माहीत होतं. वाघ डाव्या कुशीवरच का झोपतो, हेसुद्धा. जे माहीत नसे ते मी जागच्या जागी तयार करायचो. पोरं माझ्याभोवती ही गर्दी करत! सरांच्या मागं मात्र एकटी जानकी कोडापे. आठवीतली पोरगी, पण डोकं असं की तिच्या प्रश्नाच्या भीतीनं मी एकदा अख्खी मधली सुट्टी नकाशांच्या कपाटामागं काढली.

"सर, मोहाचं फूल सकाळीच काऊन पडते?" तिनं बोरकुटे सरांना विचारलं.

"मले काय माईत, बाई? झाड तुह्या घरामागं, अन् विचारून राह्यली मले! कवा किती पडते, मोज."

पोरगी खरंच पहाटे आईसोबत मोह वेचता वेचता मोजू लागली. सरांनी झाडाखालची जमीन स्वतः झाडली, सुतळीनं चौकोन आखले. "सरांनी कबड्डीचं मैदान काढलं," असं मी गावभर सांगितलं.

तेवढ्यात शाळेत विज्ञान मेळावा ठरला. जानकीचा तक्ता अर्धाच होता. "अजून पक्कं नाई समजलं जी," ती म्हणाली. माझ्या अंगात आलं. मी सांगून टाकलं, "अगं, चंद्र कलताना फुलांना ओढतो. समुद्राला ओढतो तसा." रंगीत तक्ताही मीच करून दिला.

"पण सर, माहे आकडे तसे नाई म्हनत."

"मग तुझे आकडे चुकले असतील," मी म्हणालो.

मेळाव्यात जानकीनं तो तक्ता वाचून दाखवला. पाहुण्यांनी विचारलं, "मग अमावास्येला फुलं झाडावरच राहतात का?" लोक हसले. जानकीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्या छताला किती पत्रे आहेत, हे मी आजही झोपेत सांगेन.

दुसऱ्या दिवसापासून जानकीनं विचारणं सोडलं. कुठल्याही तासाला वही उघडायची आणि म्हणायची, "तुम्हीच सांगा जी, मी लिहून घेते."

बोरकुटे सर माझ्याशी भांडतील म्हणून मी आठवडाभर वाट पाहिली. ते भांडले असते तर बरं झालं असतं. शेवटी एका सकाळी मीच त्या झाडाकडं गेलो. चौकोन नुकतेच झाडलेले. सर अंथरलेल्या पोत्याच्या एका कडेला बसून फुलं मोजत होते. दुसरी कडा रिकामी.

"ती येणार नाही, सर. माझ्यामुळं," मी म्हणालो.

"मले काय माईत?" सर मान वर न करता म्हणाले. मग एक फूल बाजूला ठेवत, "पण आली, तर मधातल्या दिवसाचे आकडे तुटलेले नको तिले. म्हनून मोजून राह्यलो."

जानकीचं घर तिथून पन्नास पावलांवर. मी आयुष्यात चाललेलं सगळ्यात लांब अंतर. आईसमोरच तिला सांगितलं, "चंद्राचं मी मनानं रचलं होतं. तुझे आकडे बरोबर होते."

तिनं लगेच विचारलं, "मंग खरं कारण काय आहे?"

जिभेवर तीन उत्तरं तयार होती, एकाहून एक देखणी. मी ती गिळली. "मले काय माईत?" म्हणालो.

मागून सरांचा आवाज आला. आज जरा जास्तच मोठा. "सव्वीस... सत्तावीस... एकोणतीस..."

"अठ्ठावीस राह्यलं नं, सर!" जानकी ओरडली आणि अनवाणीच पळाली.

पोत्यावर जागा दोघांचीच होती. मी अंगणातच उभा राहिलो.