कडूबा मिस्त्री आणि न उघडणारं झाकण

कडूबा मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी झाकणं तपासतात. पाणी, चहा, ख्यालीखुशाली सगळं नंतर. सॉसची बाटली, तेलाचा कॅन, देवापुढचं गंगाजल, जे दिसेल ते दोन बोटांत धरायचं, डोळे मिटायचे आणि हळूच पिळायचं. मग निकाल. "ढिलं." नाहीतर, "लई आवळलंय. हे उघडायला काय पहिलवान बोलवायचा?"

माझ्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. पंगत बसायच्या आत टेबलांवरच्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून उघडल्या, परत बंद केल्या आणि माझ्याजवळ येऊन अहवाल दिला, "शेठ, बाकी माल चांगला हाय. चार ढिल्या, अन् एकीचं झाकण तिरपं बसलंय." वरपक्ष जेवायला बसला तेव्हा एकाही बाटलीचं सील शाबूत नव्हतं. मुलीकडची मंडळी बोअरचं पाणी भरून देतात की काय, अशा नजरेनं व्याही माझ्याकडे पाहू लागले. तो संशय अजून पुरता फिटलेला नाही.

तर असे हे मिस्त्री. चिकलठाणा एमआयडीसीत माझा लेबलं छापायचा छापखाना आहे आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडे त्यांची शेड. औषधाच्या बाटल्या भरायची आणि त्यांना झाकणं बसवायची मशीनं ते बनवतात. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त केली आणि आता साठी ओलांडल्यावर स्वतःचं बनवायला घेतलं. शिक्षण दहावी, त्यातही गणितानं दोनदा अडवलेलं.

"मोठ्या कंपनीचं मशीन घ्यायचं तर बारक्या माणसाला आपली फॅक्टरी विकावी लागती," ते म्हणतात. "अन् मग बाटल्या भरायच्या कुठं? मशीनच्या डोक्यावर?"

म्हणून त्यांचं मशीन स्वस्त. त्यांचा नियम एकच. औषध जिथं शिवतं तिथं एक नंबर स्टील, त्यात तडजोड नाही. जिथं शिवत नाही तिथं भंगारही राजा. त्यामुळे वरून औषधाची नळी आरशासारखी लखलखते आणि खाली गाडीच्या वायपरची मोटर, सायकलची चेन आणि कुणाच्यातरी कूलरचा स्टँड एकमेकांना सांभाळून घेत असतात.

कागदावर ड्रॉइंग त्यांनी कधी काढलं नाही. खडू घ्यायचा आणि फरशीवर काढायचं, खऱ्या मापात. सबब शेडमध्ये झाडू मारायला मनाई. एकदा त्यांच्या बायकोनं, कौसाकाकूंनी, डबा घेऊन आल्यावर सवयीनं झाडू फिरवला आणि आख्खं मशीन केरात गेलं. मिस्त्री नुसते त्या सुपलीकडे बघत राहिले.

बोलतात मात्र अशा थाटात, की पुढे बाटल्या नसून कळप उभा आहे. घर गंगापूर तालुक्यातलं, बाप मेंढरांमागं फिरलेला. "बाटली म्हंजे मेंढरू, शेठ. एक अडली की मागच्या साऱ्या तिच्या अंगावर. तिला वाट अशी द्यायची की वळायचा इचारच मनात येऊ नये." मोजमापाचं वेड इतकं, की पाहुण्याला चहासुद्धा औषधाच्या छोट्या मापातून. चार मापं. पाचवं मागितलं तर काळजीनं विचारतात, "का बरं? चारात गुण आला नाय का?"

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्या बोटांवरून झालं. संधिवातानं काकूंची बोटं वाकडी झालीत. भाकरी थापतात, भाजी चिरतात, पण पिळायचं म्हटलं की संपलं. धुणं नाही, नळ नाही, झाकण नाही. संधिवाताच्या गोळ्यांनी पोटात आग पडते, म्हणून दुपारी दोन वाजता एक पातळ औषध घ्यावं लागतं. ती बाटली उघडायला मिस्त्री रोज हातातलं काम टाकून मुकुंदवाडीला घरी जात. गिऱ्हाईक समोर बसलेलं असो नाहीतर मशीन अर्ध्यात खोललेलं असो.

"झाकण ढिलं ठेवून येत जा की," मी एकदा शहाणपणा केला.

"ठिवलं हुतं. बाटली कलंडली. सारं सांडलं. दिवसभर औषधाबिगर बसली, अन् मला सांगितलं बी नाय." थोडा वेळ ते पान्हा पुसत राहिले. "म्हनली, तुमचं काम मोडंल."

ते औषध वाळूजच्या एका कंपनीत भरलं जायचं. तिथं झाकणं अजून हातानं आवळत. ज्याचा हात जड त्याची बाटली घट्ट. मिस्त्रींनी दोन वर्षं त्या कंपनीच्या पायऱ्या झिजवल्या आणि शेवटी मॅनेजर कुलथेसाहेबांनी एका मशीनची ऑर्डर दिली. अट एक. बाटल्या भरून दोन रात्री आडव्या ठेवायच्या, खालच्या कागदावर थेंबाचा डाग पडता कामा नये. मिस्त्रींनी आपल्या मनाशी दुसरी अट घातली. ती बाटली कौसाकाकूंना उघडता आली पाहिजे. कंपनीत आपलं मशीन गेलं की दुकानातून येणारी प्रत्येक बाटली काकूंच्या हाताला जमणारी, हा त्यांचा हिशोब. त्यांची सगळी आशा त्या एका झाकणावर होती.

ट्रायलसाठी कंपनीनं काकूंच्या औषधाचंच खरंखुरं गुलाबी सिरप पाठवलं. शंभर बाटल्या भरल्या, झाकणं बसली, दोन रात्री आडव्या झाल्या. तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास कुलथेसाहेब आले. कागद कोरडा ठणठणीत. साहेबांनी मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली आणि बाहेर उभ्या टेम्पोला आत घ्यायला सांगितलं.

"जरा थांबा," मिस्त्री म्हणाले आणि रिक्षातून काकूंना घेऊन आले.

काकूंनी बाटली घेतली. पिळली. पदर गुंडाळून पिळली. चेहरा लाल झाला, पण झाकण हललं नाही. कुलथेसाहेब हसून पुढे झाले, "द्या मावशी, मी उघडून देतो."

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "मशीन नापास हाय."

"अहो, मी पास केलंय!"

"तुमच्याकडून पास. माझ्याकडून नापास. न्यायचं नाय."

आजवर गिऱ्हाइकानं माल नाकारलेला मी पुष्कळदा पाहिलाय. गिऱ्हाईक माल मागतंय आणि बनवणाराच नाकारतोय, हे पहिल्यांदा पाहिलं. टेम्पोवाला सलीमभाई खिडकीतून ओरडला, "चाचा, दो घंटे से खडा हूँ. भरना हय के नक्को?"

"नक्को," मिस्त्री म्हणाले.

कुलथेसाहेबांचा पारा चढला. "पुढच्या सोमवारपर्यंत वाट बघतो. नाहीतर दुसऱ्या कंपनीचं मशीन आणतो," असं बजावून ते गेले. मीही तोंडसुख घेतलं. त्या मशीनच्या भरवशावर माझी लेबलं छापून पडली होती. "अहो, लक्ष्मी टिळा लावायला आली आणि तुम्ही तोंड धुवायला चाललात!" मी म्हटलं. काकू एका स्टुलावर बसून आपल्या हातांकडे बघत होत्या. "अहो, देऊन टाका," त्या म्हणाल्या. "माझ्या बोटांसाठी कुठं अडून बसता? माझं काय, चाललंय की." दोन वाजले होते. मिस्त्रींनी खिशातून काकूंची औषधाची बाटली काढली, उघडली, मापात औषध ओतलं आणि त्यांच्या ओठांशी धरलं. मी आपला गुपचूप भिंतीअलीकडे, माझ्या छापखान्यात आलो.

पुढचे चार दिवस पत्र्यापलीकडून नुसता खडखडाट. झाकण आवळणाऱ्या डोक्यातली स्प्रिंग ढिली केली की सिरप गळे. घट्ट केली की काकू हरत. आणि गंमत अशी, की त्याच स्प्रिंगवर पाण्यानं भरलेल्या बाटल्या काकू सहज उघडत. मिस्त्रींची दाढी वाढली. चहाची मापं चुकायला लागली. मला एकदा पाच मिळाली, तेव्हा मात्र मी घाबरलो.

शेवटी शुक्रवारी मी भांडायलाच गेलो. माझ्या लेबलांचे गठ्ठे त्यांच्या शेडमध्ये होते आणि त्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. "मिस्त्री, निदान माल तरी सांभाळा! मुंग्यांनी वारूळ केलंय माझ्या लेबलांवर!"

"कुठं?" म्हणून ते उठले. मी बोट दाखवलं. मुंग्यांना माझ्या लेबलांशी काही देणंघेणं नव्हतं. त्या गठ्ठ्यांवरून जाऊन ट्रायलच्या बाटल्यांवर चढत होत्या आणि प्रत्येकीच्या गळ्यापाशी, झाकणाच्या कडेला, गोल करून बसल्या होत्या. पाण्याच्या बाटल्यांकडे एकही मुंगी फिरकली नव्हती.

मिस्त्रींनी एक बाटली उचलली, मुंग्या फुंकरल्या आणि झाकणाची कड चक्क जिभेनं चाटली.

"गोड!" ते किंचाळले. मग त्यांनी आपल्याच कपाळावर अशी चापट मारली की चष्मा खाली पडला. "पाणी गोड नसतंय हो शेठ! दोन वर्षं मी पाण्यावर मशीन तपासलं. सिरप वाया नको म्हनून. काटकसर केली अन् हितं फसलो!"

झालं होतं ते असं. बाटली भरून नळी वर जाताना एक थेंब बाटलीच्या तोंडावर राहत होता. पाण्याचा थेंब सुकून जाई. सिरपचा थेंब झाकणाच्या आट्यांत शिरून साखरेच्या पाकासारखा घट्ट बसे आणि झाकण चिकटवून टाकी. झाकण बसवणारं डोकं बिचारं निर्दोष. चार दिवस ते विनाकारण बोलणी खात होतं.

"आता?" मी विचारलं.

मिस्त्री खडू घेऊन फरशीवर बसले होते. बसल्या बसल्या त्यांना बाप आठवला. "आमचा म्हातारा मेंढराला बांबूच्या नळकांड्यानं औषध पाजायचा. पाजून झालं की नळकांडं मेंढराच्या तोंडातून काढायच्या आधी नळकांड्याच्या तोंडाशी अंगठा दाबायचा. येक थेंब लोकरीवर पडायचा नाय." त्यांनी फरशीवर नळी काढली आणि तिच्या तोंडाशी बुचासारखं एक बोंडूक. नळी बाटलीत असताना ते उघडायचं आणि वर यायच्या आत बंद व्हायचं. "आपल्या मशीनला अंगठाच न्हवता, शेठ."

शनिवारी दुपारपर्यंत तो अंगठा तयार झाला, अर्थात एक नंबर स्टीलचा. बाटल्या भरल्या, आडव्या झाल्या, आणि या खेपेला मुंग्यांना आमंत्रण म्हणून मिस्त्रींनी दार उघडं ठेवलं. दोन दिवसांत एकही आली नाही.

सोमवारी सकाळी कुलथेसाहेब घड्याळ बघत उभे. सलीमभाई टेम्पोत. मी अर्थातच हजर. कागद कोरडा होता, पण त्याकडे बघतंय कोण? सगळे काकूंच्या हाताकडे बघत होतो. काकूंनी बाटली डाव्या काखेत धरली, उजव्या तळव्यानं झाकण दाबलं आणि फिरवलं.

कट्ट.

सील तुटल्याचा एवढासा आवाज झाला. काकूंना स्वतःलाच खरं वाटेना. त्यांनी दुसरी घेतली. कट्ट. तिसरी. चौथी. पाचवीला त्या मोठ्यानं हसल्या. सातव्या बाटलीला कुलथेसाहेब हात जोडून म्हणाले, "मावशी, पुरे आता, माल आहे तो!" मिस्त्री कुठं दिसेनात. शेडच्या मागं गेलो तर कूलरच्या एका स्टँडला धरून उभे होते आणि हातरुमालात नाक शिंकरत होते.

मशीन गेलं. ते इतकं चाललं, की दिवाळीआधी दोन नव्या ऑर्डरी आल्या आणि मिस्त्रींना फरशी कमी पडायला लागली. माझ्या बाजूची थोडी फरशी त्यांनी खडूसाठी मागितली, मी दिली. काकूंची दुपारची बाटली आता काकूच उघडतात.

मध्यंतरी शेड दोन दिवस बंद दिसली म्हणून मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेलो. मिस्त्री गोधडी ओढून पडले होते. ताप आणि छाती फाटेल असा खोकला. काकूंनी दुकानातून खोकल्याची नवी बाटली आणली होती. ती दिसताच मिस्त्रींनी सवयीनं हात पुढे केला.

"हात आत घ्या," काकू म्हणाल्या.

त्या गोधडीच्या काठावर बसल्या. झाकण उघडलं, सावकाश मापात ओतलं. ओतता ओतता दोन थेंब गोधडीवर पडले. आता प्रवचन होणार म्हणून मी मिस्त्रींकडे बघितलं. ते मान उचलून मुकाट्यानं औषध प्यायले आणि डोळे मिटून पडून राहिले. जरा वेळानं बारीक आवाजात म्हणाले, "शेठ, आई गेली तवापासून मला कुनी औषध पाजलं नव्हतं."

"कधी अंथरुणाला टेकलात का?" काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "अंगात ताप असला तरी उठून माझ्याच बाटल्या उघडीत बसायचे."

काकूंनी पदराच्या टोकानं त्यांचे ओठ पुसले, झाकण लावलं आणि बाटली मिस्त्रींच्या हाताला लागणार नाही अशी, आपल्या बाजूला ठेवून घेतली.

"संध्याकाळचं बी मीच देनार हाय," त्या म्हणाल्या, आणि मिस्त्रींनी डोळे न उघडता मान डोलावली.