बाफले खाऊन गणिताचा पेपर

"यंदा दहावीच्या गणितात माझा वर्ग शंभर टक्के पास!" असं म्हणत मानसिंगराव मास्तरांनी चहाचा कप इतक्या जोरात ठेवला, की बशी थोडक्यात वाचली.

बोलायला काय जातं! गेल्या वर्षी जेमतेम एक तृतीयांश पोरं पास झाली होती. आता जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी कृष्णराव साहेब स्वतः समोर बसून चाचणी घेणार होते. निम्मी पोरं पास झाली नाहीत, तर मास्तरांची बदली थेट जिल्ह्याच्या टोकाला, खातेगावला! देवासचं घर, सकाळचं टेकडीवर जाणं, बायकोच्या, उमाबाईंच्या हातचं जेवण, सगळं सुटणार.

शिकवण्यात त्यांनी कसर ठेवली नव्हती. घोडं अडलं होतं हजेरीवर. सोयाबीनची कापणी सुरू, पोरं शेतात, आणि गैरहजर म्हणजे नापास! शेवटी मास्तरांनी जाहीर केलं, चाचणीच्या आधी शाळेत दाल आणि कणकेच्या भाजक्या बाफल्यांचं जेवण!

"अहो, बाफले खाऊन माळव्यात कुणी जागं राहिलंय का?" उमाबाईंनी विचारलं.

"अगं, पोट भरलं की डोकं चालतं!"

पोरं सायकलवरून आली, ट्रॅक्टरवर लटकून आली. एकूण एक हजर! शिपाई फत्तेसिंग तुपात बुडवलेले बाफले वाढत सुटला. "मास्साब, घी थोडा और!" असा गजर झाला. साहेबही "नको, नको" म्हणत ताट पुढे करत राहिले. फक्त कृतिकाचा चतुर्थीचा उपास होता. ती बिचारी केळं खाऊन बसली.

पेपर वाटला आणि पहिल्याच गणिताला मागचा बाक आडवा झाला. मग मधला. मास्तर खोकले, खिडक्या उघडल्या, डस्टर आपटलं. उपयोग शून्य! आता साहेब काय म्हणतील, म्हणून त्यांनी घाबरत मान वळवली, तर साहेब खुर्चीत आ वासून घोरत होते.

मास्तरांचं मन डळमळलं. इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते पाप करायचं त्यांनी ठरवलं. ते हुशार हर्षितच्या कानाशी वाकले. "अरे, पाचव्याचं उत्तर सात!"

"सात?" हर्षित डोळे मिटूनच कळवळला. "नहीं सर, पेट फट जाएगा! दो ही परोसो!"

उत्तरं सांगायला मास्तर तयार, पण ऐकणार कोण!

शेवटी घंटा झाली आणि साहेब दचकून उठले. कृतिकाचा पेपर भरलेला, बाकी सगळे कोरे. त्यांवर कुणाकुणाच्या लाळेचे डाग. साहेबांनी हळूच विचारलं, "मास्तर, माझा डोळा लागल्याचं कुणी पाहिलं का?"

"कृतिकानं पेपरातून मान वर काढली नाही. बाकी पाहायला जागं कोण होतं, साहेब?"

साहेबांचा जीव भांड्यात पडला. चाचणी रद्द करून त्यांनी शेरा लिहिला, 'हजेरी शंभर टक्के. वर्गात आदर्श शांतता.' मास्तर पेढे घेऊनच घरी गेले!

आठवड्यानं साहेबांचा फोन आला. "मास्तर, अभिनंदन! एका शाळेत पोरं येत नाहीत, आली तर धिंगाणा घालतात. मी म्हटलं, तिथे तुमच्यासारखाच माणूस हवा. उद्याच रुजू व्हा!"

"कुठे, साहेब?"

"खातेगावला!"

बॅग भरता भरता उमाबाईंनी फक्त विचारलं, "तुपाचा डबा बरोबर देऊ का?"