छपरावरचे तात्या

आमच्या शेजारचे तात्या कुणाच्याही घरी गेले की आधी छप्पर बघतात, माणसं मागाहून. त्यांच्या पुतण्यासाठी कर्जतला मुलगी बघायला गेलो, पोरीनं पोह्यांची बशी पुढे केली, आणि हे आपले आढ्याकडे टक लावून! शेवटी म्हणाले, "पाव्हणं, आढं बसलंय तुमचं मधी. दोन वासं बी कुजलंत. पोर बाकी ब्येस हाय." तरी लग्न जमलं, हे पुतण्याचं नशीब.

खालापुराच्या आसपासची निम्मी कौलारू घरं त्यांच्या हाताखालून गेलेली. आमच्या नव्या पत्र्याला कारागिरानं हुकांची भोकं उंचवट्यावर पाडायची सोडून खोलगट पन्हळीत पाडली. तात्यांनी खालूनच ओळखलं. "पाण्याच्या वाटंतच भोक ठेवलंय येड्यानं! आता पातेली मांड गं." पावसाळाभर मांडली.

हे सगळं चालवून घेईन मी. पण चौऱ्याहत्तरीचा, गुडघे वाजणारा हा माणूस रोज सकाळी शिडी लावून स्वतःच्या शेवाळल्या कौलांवर चढतो! मी मागच्या दारी भांडी घासत असते. कौल करकरलं की हातातलं भांडं टाकून मी ओरडते.

"तात्या, उतरा! हाडं मोडतील!"

"माजी मोडतील ना? तुजी तर नाय?"

काल करकर झाली, मग काडकन आवाज, आणि मग काहीच नाही. साबणाच्या हातांनी तशीच धावले, दार ढकलून आत शिरले. काकी, म्हणजे तात्यांची बायको, खाटेवर. दोन वर्षांपूर्वी तिचं अर्धं अंग गेलं, तेव्हापासून खाट सुटत नाही.

"काकी, तात्या?"

तिनं नजरेनंच वर दाखवलं. खाटेच्या बरोबर वर, उजेडासाठी बसवलेलं काचेचं कौल. त्याच्यापलीकडे तात्या पालथे पडून फडक्यानं काच पुसत होते. शेजारचं कौल फुटलेलं, कोपर सोललेलं, आणि काचेला नाक चेपून काकीला वेडावत होते. काकी अर्ध्या तोंडानं हसत होती.

देवा रे! चांगली खरडपट्टी काढायला मी तोंड उघडलं, तोच काकीनं चांगल्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. हसू तसंच ठेवून ती पुटपुटली, "गप, बोलू नको गं. मी भ्यालेय ह्ये कळलं तर चढायचे नाय ते. नाय चढले की दिसभर उशाशी बसून रडतात."

मी गुपचूप बाहेर आले आणि शिडी धरून उभी राहिले.